भर दुपारी ओढलेले पडदे

आमच्या गल्लीत दिवसा पडदे ओढत नाहीत. दिवसाच काय, संध्याकाळी दिवे लागल्यावरही नाहीत. समोरच्या मोठ्या काचेतून कोणाकडे काय शिजतंय, कोण पेपर वाचतंय, कोणाचं मांजर कुठल्या खुर्चीत झोपलंय, सगळं रस्त्यावरून दिसतं. फक्त थांबून बघायचं नाही. मी या गल्लीत सून म्हणून आले, त्याला एकोणतीस वर्षं झाली. न थांबता बघायला मी पहिल्याच वर्षी शिकले.

त्यामुळे समोरच्या घरातली खुर्ची मला रोज दिसायची, आणि खुर्चीत हिल्के दिसायचा.

हिल्के आमच्या गावचा पूलवाला. गावाच्या मधून कालवा जातो आणि त्यावर उचलायचा पूल आहे. शिडाची बोट आली की हिल्के रस्त्यावरचं फाटक पाडायचा, चाक फिरवायचा, पूल हळूहळू आभाळाकडे उभा राहायचा आणि बोट आरामात निघून जायची. एकतीस वर्षं त्याने हेच केलं. फाटकापाशी अडकलेली माणसं कुरकुरायची, पण हिल्के कधी घाई करायचा नाही. मधल्या वेळात तो पाणी बघत बसायचा. कालव्याचा रंग बघून उद्याचा वारा सांगायचा आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. पावसाळी दिवसांत त्याच्या अंगावर एक पिवळा कोट असायचा, इतका मळका की त्याच्या बायकोने तो घरात आणायला बंदी केली होती.

दोन वर्षांमागच्या शरदात पुलावर कॅमेरे बसले. आता चाळीस किलोमीटरवर, शहरात, एक माणूस पडद्यासमोर बसतो आणि बटणावर चार गावांचे पूल उघडतो. हिल्केलाही तिथे खुर्ची देऊ केली होती. तो अकरा दिवस गेला. बाराव्या दिवशी घरी बसला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "पूल दिसतो. वारा दिसत नाही."

मग तो घरच्या खुर्चीत बसला तो बसलाच. पहिले काही दिवस मागची शेड दुरुस्त केली, ती झाल्यावर काही नाही. वय अठ्ठावन्न, तब्येत ठणठणीत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, काही निघालं नाही. वाढलं तर जेवायचा, चल म्हटलं तर चालायचा. त्याला दुखत काही नव्हतं आणि हवं असंही काही नव्हतं. चांगला धडधाकट माणूस असा विझलेला बघून मला आधी वाईट वाटायचं, मग राग यायला लागला.

त्याची बायको फ्राउके फिरती नर्स आहे. सायकलवरून आसपासच्या पाच वस्त्यांवर जाते, म्हाताऱ्यांच्या जखमा बांधते, इंजेक्शनं देते, पाच वाजता घरी येते. शनिवारी सकाळी ती माझ्याकडे कॉफीला असते. जानेवारीतल्या एका शनिवारी कप खाली ठेवून ती म्हणाली, "लीस, मी ईस्टरच्या सोमवारी जाणार आहे. आमेलांड बेटावर, बहिणीकडे."

"किती दिवस?"

"परतीचं तिकीट काढलेलं नाही."

आमच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि डबा बंद करतात. त्या दिवशी मी डबा उघडाच ठेवला.

"भांडलात का गं?"

"भांडायला दोन माणसं लागतात." तिने दुसरं बिस्किट घेतलं, पण खाल्लं नाही. "दीड वर्षात त्याने मला एक प्रश्न विचारलेला नाही. एकही नाही, लीस. मागच्या आठवड्यात मी हाताला पट्टी बांधून घरी आले. त्या यान्सेनबाईंकडे किटलीने भाजलं होतं. इतका मोठा पांढरा हात जेवणाच्या टेबलावर ठेवला, त्याच्या समोर. तर हा म्हणतो, मीठ दे."

"मग त्याला सांगितलंस, जातेय म्हणून?"

"सांगितलं. संडासातल्या कॅलेंडरवर लिहूनही ठेवलं." आमच्याकडे कॅलेंडर तिथेच टांगतात, रोज नजरेस पडावं म्हणून.

"काय म्हणाला?"

"बरं, म्हणाला."

मी डबा तिच्याकडे सरकवला. 

जाता जाता फ्राउके म्हणाली, "त्याला काहीतरी काम दे ना. ओझी उचलायचं दे, काही दे." मी गावच्या वाचनालयात आठवड्यातले तीन दिवस बसते. शाळेशेजारची एकच खोली आहे. नेमकं त्याच महिन्यात वरून फर्मान आलं होतं की सिनेमांच्या चकत्या, त्या डीव्हीडी, आता कोणी नेत नाही, सगळ्या काढून टाका. चालू सिनेमे लोकांनी फुकटात उचलले. उरली दोन खोकी. शहरातल्या कोणा रसिक साहेबाने कधीकाळी आमच्या गावाचा उद्धार करायला पाठवलेले कलात्मक सिनेमे, एकसष्ट. अकरा वर्षांत ते तीन जणांनी नेले होते आणि त्यातला एक दुसऱ्याच दिवशी चकती परत आणून विचारत होता, ही अडकलीय का, चित्र हलतच नाही.

मी हिल्केला सांगितलं, हातगाडी आण आणि हा कचरा भंगार गोळा करतात तिथे टाकून ये. तो आला, खोकी घेऊन गेला. पाऊस लागला म्हणून त्याने ती घराच्या बोळात ठेवली. उद्या नेऊ म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी बूट काढताना त्याला वरच्या चकतीवर एका पुलाचं चित्र दिसलं.

पुढचं त्यानेच मला नंतर सांगितलं. पूल बघायला म्हणून त्याने सिनेमा लावला. अर्धा तास झाला तरी पूल येईना. काळंपांढरं चित्र, कुठल्यातरी दक्षिणेकडच्या देशातलं. एक बाई इस्त्री करतेय. बाहेर पाऊस. बाई एक शर्ट संपवते, दुसरा घेते. हिल्केचा डोळा लागला. जाग आली तर बाई इस्त्रीच करतेय. "मला वाटलं मिनिटभर झोपलो," तो म्हणाला. "घड्याळात वीस मिनिटं गेलेली. पण शर्ट निराळा होता."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या मागच्या दारात उभा. पायात लाकडी बूट, केस उभे.

"लीस, तो माणूस पूल चुकीचा उघडतोय."

"कुठला माणूस?"

"सिनेमातला. वारा बोटीच्या मागून आहे, खांबावरच्या फडक्यावरून कळतं. तरी तो बोट इतकी जवळ येईपर्यंत थांबतो. असं केलं तर बोट खांबावर आदळेल."

"आदळली का मग?"

"दिसलं नाही. तेवढ्यात तो बाईच्या हातांकडे वळला."

"कोण वळला?"

"कॅमेरा." त्याने केसांतून हात फिरवला. "मुद्दाम वळला असेल का?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. माणूस वैतागला होता. दीड वर्षात मी त्याला कशावरही वैतागलेला बघितला नव्हता. मी मनात म्हटलं, देवा, हा वैताग टिकू दे.

टिकला. तो सिनेमा त्याने चार वेळा बघितला. चौथ्यांदा त्याला कळलं की पूल उचलताना सावली डावीकडे पडते आणि पूल उभा राहिल्यावर उजवीकडे. म्हणजे अर्धं सकाळी घेतलंय, अर्धं संध्याकाळी. "म्हणजे तो पूल उघडायला सगळा दिवस लागला," तो मला म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मग त्याने खोक्यातली दुसरी चकती काढली.

रोज दुपारी दोन वाजता, फ्राउके कामावर असताना, एक. हे तिला सांगायचं नाही, असं त्याने मला बजावलं. आमच्याकडे दिवसाउजेडी टीव्ही फक्त आजारी माणूस बघतो. दिवस कामाचा असतो. बायको वाऱ्यापावसात सायकल मारतेय आणि नवरा भर दुपारी सिनेमा बघतोय, ही लाज त्याला होती. मलाही ते पटलं, म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं. माझ्या तोंडाला कुलूप म्हणजे काय ते आमच्या ह्यांना विचारा.

बुधवारी वाचनालय बंद असतं. मी त्याच्याकडे जाऊन बसायला लागले. सुरुवातीला जीव नुसता तडफडायचा. अरे, ती बाई उठून बोलेल का आता! पण तिसऱ्या-चौथ्या बुधवारी मला काहीतरी होऊ लागलं. एका सिनेमात एक म्हातारा पाठीवर भलामोठा आरसा बांधून बर्फातून चालत जातो. आपण मागून बघत राहतो, तर आरशात मागे राहिलेली झाडं दिसत असतात. तो पुढे जातोय आणि त्याच्या पाठीवर जंगल मागे मागे जातंय. कुठे निघालाय, आरसा कोणाचा, काही सांगत नाहीत. सात-आठ मिनिटं नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात एक चौकोनी जंगल. ते संपल्यावर मी घरी जायला रस्त्यावर आले आणि तिथेच उभी राहिले. धुकं उतरलं होतं. गल्लीतल्या ट्राइनच्या दारातला दिवा, कालव्याकाठचं रेलिंग, बांधलेल्या बोटीवरची ताडपत्री, रोजचंच सगळं, पण कोणीतरी नुकतंच मांडून गेल्यासारखं दिसत होतं. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. घरी भाजी लागली होती.

हिल्केचं तर विचारूच नका. चहाची किटली तापताना तिच्या पोटात खिडकी कशी वाकते ते तो बघायचा. नळाचा थेंब पडेपर्यंत थांबायचा. दुपारच्या उजेडाची पट्टी जमिनीवरून सरकत टेबलाच्या पायापाशी किती वाजता पोचते, हे त्याला पाठ झालं होतं. आणि हळूहळू त्याचं बघणं घराबाहेर आलं. एके सकाळी शेजारचे वीब्रेन माझ्याकडे आले. वय चौऱ्याहत्तर, हिल्केच्या उजव्या हाताचं घर त्यांचं. बोलणं मोजकं.

"हिल्केला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"का हो?"

"माझ्या खिडकीत निळी बरणी आहे ना. ती कोणी दिली, म्हणून विचारत होता."

"मग सांगितलंत?"

"सांगितलं," वीब्रेन टोपी हातात फिरवत म्हणाले. "पाऊण तास लागला." मग टोपी घालत म्हणाले, "चाळीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं."

त्यानंतर त्याने ट्राइनला विचारलं की तू पाव भाजायला कोणाकडून शिकलीस. टपालवालीला विचारलं की सगळ्यात लांबून आलेलं पत्र कुठलं. मी खूश होते, आणि आतून धुमसतही होते, कारण फेब्रुवारी संपला, मार्च निम्मा झाला आणि फ्राउके दर शनिवारी माझ्यासमोर बसून तेच सांगत होती. अजून काही नाही. एक शब्द नाही. तिने प्रवासाची मोठी पिशवी धुऊन वाळत घातली होती.

एका बुधवारी मी फटकन विचारलं, "गावभर चौकशा करत फिरतोस. फ्राउकेला कधी विचारणार?"

त्याने खरोखरच आश्चर्याने बघितलं. "तिला काय विचारायचं? तिचं सगळं माहीत आहे मला. चौतीस वर्षं झाली."

"डोंबल माहीत आहे तुला!"

"म्हणजे?"

"तिचा हात कशाने भाजला होता?"

तो परत टीव्हीकडे वळला. पडद्यावर एक घोडा पाणी पीत होता, तो बराच वेळ पीत राहिला.  काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा माणूस. पण सांगून कळायचं असतं तर कॅलेंडर वाचूनच कळलं असतं.

मग तो गुरुवार आला.

मार्चमध्ये आमच्या गल्लीत सूर्य दुपारी दोनला बरोबर समोरच्या काचेतून आत येतो. त्या दिवशी आभाळ लख्ख होतं आणि हिल्केने लावलेला सिनेमा सगळा धुक्यातला, करड्या उजेडातला. टीव्हीच्या पडद्यावर त्याला स्वतःचं तोंड आणि मागची खिडकी एवढंच दिसत होतं. तो उठला आणि पडदे ओढले. वीस वर्षं न हललेले पडदे, एक कडी तुटून खाली पडली. त्याने अंधार झाला की नाही तेवढं बघितलं आणि परत खुर्चीत बसला. त्याच्या मनात दुसरं काही आलंच नाही.

आमच्या गावात दिवसा पडदे ओढतात ते एकाच कारणासाठी. घरात मयत असली म्हणजे. शवपेटी घराबाहेर पडेपर्यंत ते तसेच राहतात. आणि मग पुढचं सगळं सख्ख्या शेजाऱ्याकडे. घरच्यांना काही विचारायचं नाही, त्यांना तोंड उघडायला लावायचं नाही. चर्चमध्ये कळवणं, घंटा, खुर्च्या, कॉफी, सगळं शेजाऱ्याने न विचारता करायचं. हिल्केचे सख्खे शेजारी म्हणजे वीब्रेन.

वीब्रेननी दोन वाजून वीस मिनिटांनी पडदे बघितले. ते मागच्या दाराशी गेले. दारात हिल्केचे लाकडी बूट. आतून बाईच्या रडण्याचा आवाज. दार वाजवायला वर गेलेला हात त्यांनी खाली घेतला. रडणाऱ्या बाईला कोण हाक मारणार? टोपी काढून ते मिनिटभर तिथे उभे राहिले आणि मग सरळ चर्चच्या वाटेला लागले.

मी वाचनालयात होते. घंटा ऐकली, कोण असेल म्हणून मनात म्हातारी माणसं मोजत होते, तेवढ्यात ट्राइन धापा टाकत आली. "हिल्के," ती म्हणाली. "फ्राउके आत रडतेय, वीब्रेननी ऐकलं."

 मी खुर्चीत बसले. आणि बसल्या बसल्या मी जे केलं त्याची लाज मला अजून वाटते. माझा हात माझ्या डोक्याच्या पुढे धावतो, ही माझी जुनी खोड. मी फोन काढला आणि लिहिलं: फ्राउके, हिल्केचं कळलं. शब्द नाहीत. आम्ही सगळे येतोय. लिहिलं आणि पाठवलं. फोन टेबलावर तसाच टाकून धावले.

फ्राउके त्या वेळी नऊ किलोमीटरवर यान्सेनबाईंच्या पायाची पट्टी सोडत होती.

गल्लीत माणसं जमली होती. ट्राइनच्या हातात मनुकांचा पाव, वीब्रेनच्या दोन्ही हातांत खुर्च्या. आमच्याकडे पुढचं दार दोनदाच उघडतात, नवरी आत येताना आणि पेटी बाहेर जाताना. बाकी सगळा वावर मागून. ते दार फुगून बसलं होतं. वीब्रेननी खांदा लावला. आम्ही सात जण खाली माना घालून आत शिरलो.

खोलीत अंधार. एका बाजूला करडा उजेड, आणि त्या उजेडात, आपल्या खुर्चीत, हिल्के.

ट्राइनच्या तोंडून आवाज फुटायच्या आत त्याने मान न वळवता हात वर केला. "शू. बसा. आता ती दार उघडेल."

आणि आम्ही बसलो. का बसलो, ते मला आजही सांगता येणार नाही. वीब्रेननी आपल्या दोन खुर्च्या मांडल्या, बाकीचे जमेल तिथे टेकले. पडद्यावर मिठागरं होती, मैलोन्‌मैल, आणि धुकं. एक डोक्याला पांढरं फडकं बांधलेली बाई. तिचं रडून झालं होतं. ती एका दारासमोर उभी होती. दार लाकडी, मीठ लागून पांढरं पडलेलं. ती हात पुढे करत नव्हती, मागेही फिरत नव्हती. दाराच्या फटीतून उजेड तिच्या पायावर पडला होता आणि तो हळूहळू वर चढत होता, पायापासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून हातापर्यंत. अर्धा तास झाला असेल, आम्ही सगळे त्या उजेडाकडेच बघत होतो. मनुकांच्या पावाचा वास येत होता. मला वाटलं, आपण सगळेच कदाचित मेलो असू आणि हे त्यानंतरचं काहीतरी आहे, आणि तसं असलं तर फार वाईट नाही. तिने दार उघडलं. आत काय होतं ते दिसलंच नाही, फक्त तिचा चेहरा उजळला.

"घंटा फार आहे या सिनेमात," हिल्के हळूच म्हणाला. "मघाशी तर पंधरा मिनिटं चालली होती."

"ती आपली होती," वीब्रेन म्हणाले.

"आपली? कोण गेलं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. शेवटी ट्राइन म्हणाली, "तू."

हिल्के वळला. सात माणसं, बहुतेकांच्या अंगावर काळे कोट, ट्राइनच्या मांडीवर पाव. त्याने पडद्यांकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि तो उठून उभा राहिला. "फ्राउकेला कोणी—"

मला माझा निरोप आठवला. मी उठले, फोन शोधला, तो वाचनालयात होता. आणि तेवढ्यात उघड्या पुढच्या दारातून फ्राउके आत आली.

एका हातात हातमोजा, दुसरा उघडा. केस सुटून तोंडावर चिकटलेले. त्या दारातून ती चौतीस वर्षांपूर्वी एकदा आली असेल. ती उंबऱ्यावर उभी राहिली आणि हिल्केकडे बघत राहिली.

"जिवंत आहेस," ती म्हणाली.

"हो."

"काय करत होतास?"

"सिनेमा बघत होतो."

माणसं एकेक करून मागच्या दाराने निघाली. वीब्रेननी खुर्च्या उचलल्या आणि पुटपुटले, "घंटेचं मी सांगतो तिकडे." पाव टेबलावर राहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन कॉफी ठेवली, कारण गुन्हा माझा होता आणि तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

"फ्राउके, तो निरोप मी—"

"माहीत आहे. वर तुझं नाव होतं." तिने माझ्याकडे बघितलंही नाही.  "दीड वर्षं हा माणूस मेल्यासारखा बसला होता, तेव्हा कोणी घंटा वाजवली नाही. आज सिनेमा बघत होता, तर वाजवली." आणि ती जिन्याकडे वळली. "मी उद्याच जाते. ईस्टरची वाट नाही बघत."

तिसऱ्या पायरीपर्यंत ती चढली. ती तिथेच बसली, कोट अंगात, कठड्याला धरून. हिल्के जिन्याखाली येऊन उभा राहिला. मी कप धुण्याचं सोंग करत होते. मला रडू येत होतं आणि त्याला धरून गदागदा हलवावंसंही वाटत होतं. बोल रे बाबा. काहीतरी बोल.

 मग तो म्हणाला, "कुठल्या रस्त्याने आलीस?"

"काय?"

"बांधावरून की गावातून?"

"बांधावरून."

"वारा समोरून असेल."

"होता."

"मग गावातून का नाही आलीस?"

तिने उरलेला हातमोजा काढला. मग म्हणाली, "गावात कोणीतरी भेटलं असतं. थांबवून हात धरला असता. मग ते खरं झालं असतं."

हिल्के तिच्या खालच्या पायरीवर बसला. "बांधावर काय होतं?"

"काय असणार? मेंढ्या." तिने नाक पुसलं. "एक कोकरू होतं. नुकतंच झालेलं, अजून ओलं. उभं राहायला बघत होतं आणि पडत होतं. मी सायकल थांबवली. नवरा मेल्याचा निरोप खिशात, आणि मी उभी राहून कोकरू बघतेय. कसली बाई आहे मी?"

"उभं राहिलं का ते?"

"तिसऱ्यांदा."

"मग मीही थांबलो असतो," तो म्हणाला. "आणि मग? पुढच्या रस्त्यात?"

"पुढच्या रस्त्यात तुला आठवत होते." तिने कोटाचं बटण पिरगाळलं. "चेहरा आला. हात आले. तो घाणेरडा पिवळा कोट आला. आवाज येईना, हिल्के. सगळा बांधभर शोधला. तुझा आवाज कसा आहे तेच मला आठवेना."

स्वयंपाकघरात मी नळ बंद केला. हिल्के मान खाली घालून बसला होता. गोड बोलणं त्याला कधी आलं नाही, माफी मागणं तर त्याहून नाही. त्याच्याजवळ जे होतं तेवढंच त्याने काढलं.

"धुकं आहे," तो म्हणाला. "सुरुवातीला नुसतं धुकं, बराच वेळ. मग कळतं की त्यात एक बाई चालतेय. तिच्या डोक्याला पांढरं फडकं आहे, म्हणून आधी दिसत नाही. ती मिठागरात काम करते. तिचे हात सगळे चिरलेत..." आणि मध्येच तो अडखळला, वर बघून म्हणाला, "तुझा हात कशाने भाजला होता?"

"किटलीने. यान्सेनबाईंकडे. त्यांना चहा हवा होता आणि किटलीची मूठ सैल होती."

"दुखला?"

"फार."

त्याने तो हात आपल्या हातात घेतला आणि उलटा-सुलटा करून बघत राहिला. डाग अजून गुलाबी होता. सिनेमाची गोष्ट तिथेच राहिली.

फ्राउकेने डोकं कठड्याला टेकवलं आणि डोळे मिटले.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "बोलत राहा."